फेणी म्हणजे द्राक्षारिष्टच का?

प्रश्न : आमच्याकडे खानापूर भागात जेवण जड झालं की घोटभर काजूची फेणी घेतात. ती आणि द्राक्षारिष्ट एकच ना? – एक वाचक

उत्तर : नाही. फेणी भट्टीवर गाळलेली, मद्यार्क ४० टक्क्यांच्या पुढे. द्राक्षारिष्ट हे मनुकांचं आयुर्वेदिक औषध, ते भट्टीवर गाळत नाहीत, नुसतं आंबवतात. मद्यार्क साधारण ५ ते १०. मनुकांचा काढा चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचा, तो गार झाल्यावर गूळ, धायटीची फुलं, दालचिनी, वेलची, मिरी घालून तोंड बंद करून महिनाभर ठेवायचं. काढा गरम असतानाच धायटी घातली तर किण्व (आंबवणारे सूक्ष्मजीव) मरतं. झाकण सैल राहिलं तर शिरका होतो! भांड्याच्या तोंडाशी पेटती काडी विझली, तर आत अजून आंबतंय.

द्राक्षारिष्टाची मात्रा जेवणानंतर १५ ते २० मिली, तेवढंच पाणी घालून. त्यात गूळ बराच. मधुमेह्यांनी वैद्यांना विचारूनच घ्यावं. मेट्रोनिडॅझोल (जंतुसंसर्गावरचं औषध) चालू असेल तर फेणी आणि द्राक्षारिष्ट दोन्ही बंद.

आयुर्वेदात गाळलेलं मद्य अजिबात नाही असं नव्हे, मृतसंजीवनी सुरा आहे. पण ती गुळाची. फेणीने पोटात ऊब येते, तिला पचन समजू नका. आम्लपित्तवाल्यांची जळजळ उलट वाढते.