डिझेल जीपला डिस्क ब्रेक: पेडल कडक, तरी गाडी थांबत नाही

भाऊ, जुन्या डिझेल जीपला पुढे डिस्क आणि बूस्टर (व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा काढलेल्या पोकळीच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा) बसवला, २८ च्या जागी ३१ इंची टायर घातले, आणि आता पेडल दगडासारखं लागतं, नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या उतारावर गाडी आवरत नाही, म्हणून आणखी मोठी डिस्क घ्यायची, असं तुम्ही लिहिलंय. इतक्यात डिस्कवर पैसे घालू नका. टायर वाढल्याने ब्रेकचा जोर साधारण १० टक्के घटतो हे खरं, पण त्याने पेडल कडक होत नाही.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) तयार होत नाही, त्याला वेगळा पंप लागतो, बहुधा अल्टरनेटरच्या मागे असतो तो. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, मग दाबून धरा आणि स्टार्टर द्या. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरच्या नळीत गेज लावा. आयडलवर (गाडी उभी, इंजिन संथ चालू) पाऱ्याच्या २० इंचांच्या खाली काटा असेल तर आधी पंपाचं ऑइल येतंय का ते बघा, मग वन-वे व्हॉल्व्ह, मग नळी. रेडिएटरची साधी नळी कापून लावलेली असेल तर आजच काढा. मे महिन्यात बॉनेटखाली ती मऊ पडते आणि आतून चिकटते. व्हॅक्यूमसाठीचीच जाड नळी हवी.

व्हॅक्यूम ठीक निघाला तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) बघा. १ इंच बोअरऐवजी (आतल्या व्यासाऐवजी) ७/८ चा घेतला तर तेवढ्याच पायाच्या जोराला दाब ३० टक्क्यांनी वाढतो. पेडल मात्र जास्त खाली जातं, म्हणून मागच्या ड्रमचे लायनर आधी नीट ॲडजस्ट करून घ्या. मास्टर जुना ड्रमवाला असेल तर पुढच्या लाइनमधला रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) काढावाच लागतो, नाहीतर पॅड डिस्कला घासत राहतात.

बूस्टरचा पुशरॉड (मास्टरच्या पिस्टनला ढकलणारी दांडी) हे सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण. मास्टरच्या पिस्टनपर्यंत अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक पाहिजे. ती नसेल तर ब्रेक ऑइल टाकीत परतत नाही, तापल्यावर फुगतं आणि चाकं आपोआप धरतात. असं झालं की मास्टरचे दोन नट ढिले करून तो जरा पुढे ओढा. चाक मोकळं फिरू लागलं तर रॉड लांब आहे, कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) दोष देऊ नका.

कॅलिपर डावा-उजवा उलटा बसला नाही ना, हेही बघा. ब्लीडर निपल (हवा काढायचा) वरच्या बाजूलाच असला पाहिजे. खाली असेल तर कितीही एअर काढा, आत हवा राहणारच. एअर काढताना मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी उजवं. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं, सीलबंद डब्यातलं.

पाइप तांब्याचा नको, धक्क्यांनी तडकतो. स्टीलचा बंडी पाइप, ३/१६ इंच, दोन्ही टोकांना डबल फ्लेअर (टोक पसरवून आत दुमडलेलं). चासी उचलून चाकं लोंबती ठेवा आणि स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा: हौज पाइप ताणला नाही पाहिजे.

नवे पॅड बसवल्यावर ५० वरून १० च्या वेगापर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मग दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता चालवा. आणि काळ्या मातीतून आल्यावर त्याच दिवशी कॅलिपर धुवा, वाळली की ती डिस्कवर चरे पाडते.