बछेरी रिंगणात नेण्याआधी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

यंदा सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत, स्पर्धेच्या रिंगणात, आपली तरुण बछेरी घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या हाती न देता तू स्वतः धरणार, असं बाबांनी फोनवर सांगितलं. ऐकून फार आनंद झाला. दत्तजयंतीला अजून दीड महिना आहे, म्हणून आजच लिहितो.

सगळ्यात आधी तिला उभं राहायला शिकव. चाल तिच्या रक्तातच आहे, पण उभं राहणं शिकवल्याशिवाय येत नाही. लोक महिनाभर नाचवण्यात घालवतात. मग पंच समोर आला की जनावर पुढचा पाय आपटतं, गोल फिरतं, आणि पंचाला ना पाय नीट दिसतात ना पाठ. सकाळी चंदीचा दाणा देण्याआधी अंगणातल्या सपाट जागेवर तिला उभी कर. चारही पाय सरळ, वजन सारखं. मागचा एक पाय आरामात टेकवलेला असेल तर एक पाऊल पुढे घे आणि पुन्हा थांबव. ती स्थिर झाली की त्याच क्षणी दोरी सैल सोड. ती सैल दोरी हेच तिचं बक्षीस. पहिल्या आठवड्यात अर्धा मिनिट पुरे. हळूहळू पाच मिनिटांवर ने.

तू तिच्या तोंडासमोर उभी राहा, पण थोडी बाजूला. अगदी कपाळासमोरचं घोड्याला दिसत नाही. पंच ज्या बाजूला जाईल तिथून तुझी सावलीसुद्धा तिच्या अंगावर पडता कामा नये. कान टवकारायला काही जण चाबूक वाजवतात, त्यानं भीती दिसते. मारवाडी जातीच्या घोड्याचे कान टोकाला टोक लागून उभे राहिले की बघत राहावंसं वाटतं, पण ते कुतूहलानं उभे राहायला हवेत. मुठीत थोडा सुका चारा धर आणि हळूच चुरगाळ.

ती दोन दातांच्या, म्हणजे दोन पक्के दात आलेल्यांच्या, गटात जाईल, तेव्हा दात बघणारच. मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, त्यावरूनच वय ठरतं. रोज एकदा डावा हात नाकाडावर ठेवून उजव्या अंगठ्यानं वरचा ओठ अलगद उचल, दात दिसले की लगेच सोड. आठ दिवस तू कर, मग शेजारच्या काकांना करू दे. रिंगणात हात परक्याचा असतो.

दुडकीला, म्हणजे ती संथ धावताना, तिच्या डाव्या खांद्याशी पळ. नजर समोर ठेव, मागे वळून तिच्याकडे बघितलंस की ती थांबेल. वळवताना उजवीकडे, तुझ्यापासून दूर वळव. तुझ्याकडे ओढलीस तर तुझ्याच पायावर टाप पडेल. आणि दोरी हाताला कधीही गुंडाळू नकोस, घड्या घालून धर. ही एक गोष्ट माझ्यासाठी पाळ.

नाल आठ-दहा दिवस आधी बसवून घे. माझ्या पहिल्या वेळी मी आदल्या संध्याकाळी नवे नाल ठोकून घेतले होते. एक खिळा खुराच्या जिवंत भागाजवळ गेला. सकाळी घोडी उभी छान राहिली, पण दुडकीला उजवा पुढचा पाय आखडला आणि पंचांनी मान हलवली. मला बाहेर पडल्याचं वाईट वाटलं नाही. ती रात्रभर दुखत उभी होती आणि मी तिच्या शेजारी झोपलो होतो, ते अजून खुपतं.

दोन-तीन दिवस आधीच पोहोच. चारा घरचाच ने. नवं पाणी काही घोडी तोंडी लावत नाहीत आणि कोरड्या चाऱ्यावर पाणी कमी पडलं की पोटशूळ. म्हणून आतापासून बादलीत गुळाचा खडा विरघळवत जा, तापीकाठी तोच गूळ टाकलास की तिला ते घरचं पाणी वाटेल. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा कागद आणि आरोग्य दाखला पिशवीत वर ठेव. घरी लांबून ढोल वाजवून घे, रोज थोडा जवळ आण. ती माजावर असेल तर मला आधी कळव, शेजारच्या दावणीला वळू घोडे असतील.

नटवणं कमी ठेव. आंघोळ आदल्या दुपारच्या उन्हात, नंतर झूल. डिसेंबरची थंडी नदीकाठी बोचते. सकाळी फक्त खरारा आणि ओलं फडकं. ओठांवरच्या मिशा कुणी कापायला सांगितल्या तर ऐकू नकोस. अंधारात तोबऱ्यातला दाणा ती त्यांनीच चाचपते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही २०२१पासून त्या कापायला बंदी आहे.

निकाल काहीही लागो, बाहेर आलीस की आधी तोंडावरची मोरकी सैल कर आणि कानामागे, जिथं पट्टा रुततो तिथं, बोटांनी चोळ. ती मान खाली घालून मोठा श्वास सोडेल. मी दावणीपाशी गुळाच्या पाण्याची बादली घेऊन उभा असेन.

तुझा,
काका