रोबो राहू दे, आजीकडे बघ

पोरी, अनेक आशीर्वाद.

कथा वाचली. पंचवटीतल्या वाड्यात एकटी आजी, आणि बंगळुरूचा मुलगा तिच्या सोबतीला हुबेहूब माणसासारखा रोबो पाठवतो. इथवर मी खिळून होतो. मग रोबो चार पानं ‘मी कोण?’ घोळत बसला आणि आजी स्वयंपाकघरात गेली ती गेलीच. तिला बाहेर आण.

रोबोचं शेवटचं बंडही काढून टाक. चेक नाटककार कारेल चापेकनं १९२० सालच्या नाटकात ते करून ठेवलंय, आता वाचकाला दुसऱ्या पानावरच वास येतो. विज्ञानकथाकार आसिमॉव्हनं भीती बाजूला सारली. त्याच्या १९४२ च्या कथेत बुध ग्रहावरचा रोबो ‘हुकूम पाळ’ आणि ‘स्वतःला जप’ या दोन नियमांच्या कात्रीत सापडतो आणि नुसता गोल गोल फिरत राहतो. त्याची धास्ती वाटत नाही, कीव येते.

तुझ्या उपयोगाचा माणूस मात्र जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी. यंत्र माणसासारखं होत जातं तसा आपला जिव्हाळा वाढतो, पण अगदी थोडक्यात चुकलं की अंगावर काटा येतो, असं त्यानं १९७० मध्ये मांडलं. उदाहरण दिलं कृत्रिम हाताचं. दिसायला अस्सल, पण हातात घ्यावा तर गार आणि हाडं नसल्यासारखा लुळा वाटणारा. हा क्षण आजीला दे. प्रसाद ठेवायला ती त्याचा तळवा धरते. किंकाळी वगैरे नको. तिनं हात पदराला पुसला, एवढंच लिही.

बरं, जीव जडायला चेहरा लागतो असंही नाही. १९६६ मध्ये वायझेनबाउम या संगणकतज्ज्ञानं ‘एलिझा’ हा गप्पा मारणारा प्रोग्राम केला. टाइप केलेली अक्षरं, बाकी काही नाही. आपलंच वाक्य फिरवून आपल्याला विचारायचा. प्रोग्राम तयार होताना पाहिलेली वायझेनबाउमची सेक्रेटरी एलिझाशी बोलायला बसली आणि थोड्या वेळानं त्यालाच म्हणाली, जरा बाहेर जाता का? आणि आपल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत खंडेनवमीला जाऊन बघ. वेल्डिंगच्या रोबोला नाक ना डोळे, तरी झेंडूची माळ पडते, हळदकुंकू लागतं, ऑपरेटर पाया पडतो. तुझा रोबो इतका देखणा कशाला हवा, याचा विचार कर.

मला आजीचं वागणं हवंय. ती त्याला अरेतुरे करते का? सोवळ्यात स्वयंपाकघरात येऊ देते? तो चार्जिंगला उभा असताना दिवा मालवते, तो बिलाची काळजी म्हणून की त्याला झोप लागावी म्हणून?

आणि ‘मराठीत विज्ञानकथा वाचतं कोण’ हे रडगाणं पुन्हा ऐकवू नकोस. २०२१ साली आपल्याच नाशकात साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर होते.

एक गोष्ट तुझ्या हातून झकास उतरलीय. मुलाचा फोन दोनदा येतो आणि दोन्ही वेळा तो विचारतो, “रोबो नीट चाललाय ना?” आईची चौकशी नाहीच. हे तू जाणूनबुजून लिहिलंयस की ओघात आलं, कोण जाणे. तिसरा फोन लिही. या खेपेला तो रोबोनं उचलू दे आणि आजी शेजारीच बसलेली असू दे. दिवाळीआधी नवा खर्डा पाठव.