वाचक विचारतात : लाखो कोकूंचे धनी कर्जात कसे?

प्रश्न : आमच्याकडे खोताचं वजन घरात किती खंडी भात येतं यावर ठरायचं. जपानी दाइम्योंची, म्हणजे मुलूख राखणाऱ्या सरदारांची, ऐपतही तांदळातच मोजत. मग ते सावकाराच्या दारी का जात?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : कोकूचा आकडा हा हाती येणारं उत्पन्न नव्हे, तर मुलखात किती पिकेल याचा सरकारी अंदाज. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, वजनात साधारण १५० किलो. आणि तोही भरडलेला पण न सडलेला तांदूळ. भाताच्या खंडीशी त्याचा थेट ताळा घालू नका. १०,००० कोकूंपासून पुढे दाइम्यो.

समजा, मुलूख ५०,००० कोकूंचा आहे. सारा ४० टक्के धरला तर २०,००० कोकू येतात. त्यातून आधी पदरच्या सामुराईंचं वेतन, बहुधा तांदळातच. उरलेला माल ओसाकाच्या वखारीत नेऊन विकायचा. गोम इथेच आहे : जमा तांदळात, खर्च रोकडीत. १७२०च्या दशकात तांदूळ स्वस्त नि बाकी सगळं महाग झालं, तेव्हा अनेकांनी पुढचं पीक तारण ठेवून व्यापाऱ्यांकडून उचल घेतली. तेही पुरेना, तेव्हा सामुराईंच्या वेतनाला कात्री. तिला नाव मात्र ‘उसनवारी’!

खोत सरकारात भरणा करी. दाइम्यो शोगुनला, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाला, नेमाने सारा भरत नसे. त्याला रिकामं करण्याची सोय वेगळी होती. १६३५ च्या हुकमानं वर्षाआड शोगुनच्या राजधानीत, एदोत (आजचं टोकियो) राहणं आलं, म्हणजे दोन संसार. बायको नि वारस कायम एदोत, जवळजवळ ओलीसच. त्यामुळे टाळायची सोय नाही. कागाचे माएदा दहा लाख कोकूंचे धनी. त्यांचा दोन-अडीच हजारांचा लवाजमा कानाझावाहून एदोपर्यंतचे सुमारे ४८० किलोमीटर बारा-तेरा दिवसांत कापी. एदो-क्योतो दरम्यानच्या तोकाइदो मार्गावर तर ओइ नदीला पूलच नव्हता. पूर आला की अख्खी स्वारी सरायांत अडकायची, आणि खर्चाचा मीटर चालूच.

प्रश्न : किल्ला दाइम्योचाच, मग डागडुजीला शोगुनची परवानगी कशाला?
– एक वाचिका, देवगड

उत्तर : आज तट दुरुस्त करणारा उद्या बंड करील, ही भीती. फुकुशिमा मासानोरी यांनी पुरानं खचलेला हिरोशिमाचा किल्ला परवानगीविना दुरुस्त केला. १६१९ मध्ये त्यांचा सुमारे पाच लाख कोकूंचा मुलूख काढून घेतला गेला. बदल्यात मिळाले ४५,०००.