हायडेगरची आधुनिकतेवरची टीका निव्वळ तात्त्विक होती की राजकीयही?

राजकीयही होती, आणि ते राजकारण टीकेला बाहेरून चिकटलेले नव्हते. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर १९३३ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर (म्हणजे प्रमुख) झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात नाझी पक्षात गेला. रेक्टरपद वर्षभरात सोडले, सदस्यत्व मात्र १९४५ पर्यंत टिकले. पण खरा पुरावा त्याच्या लेखनातच आहे. १९३५ च्या व्याख्यानांत तो म्हणतो की तत्त्वमीमांसेच्या (म्हणजे अस्तित्वाच्या मुळाशी जाणाऱ्या विचाराच्या) नजरेतून रशिया आणि अमेरिका एकच: तंत्रज्ञानाची तीच बेफाम धाव, मुळं तुटलेल्या माणसांची तीच व्यवस्था. या दोघांच्या चिमट्यात सापडलेल्या जर्मनीवर तो युरोपला सावरण्याची कामगिरी सोपवतो. नाझी चळवळीच्या 'आंतरिक सत्या'ची आणि थोरवीची भाषाही तिथेच येते. १९५३ मध्ये व्याख्याने छापताना त्याने ते वाक्य ठेवलेच. सोबत कंसात खुलासा आहे, की हे सत्य म्हणजे जगभर पसरलेले तंत्रज्ञान आणि आधुनिक माणूस यांची गाठ. म्हणजे दुवा त्यानेच जोडून दिला! १९६६ च्या मुलाखतीतही (ती छापली गेली १९७६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर) तंत्रयुगाला लोकशाहीच योग्य ठरेल याची त्याला खात्री नव्हती.

मात्र या टीकेतून नाझीवादच निघतो असे नाही. हाना आरेंट आणि हर्बर्ट मार्कुझ हे त्याचे ज्यू विद्यार्थी. आरेंट नागरिकांच्या सार्वजनिक कृतीकडे वळली, तर मार्कुझ डाव्या विचाराकडे.