रडल्यावर हात लुळा पडत असेल तर टॉनिकवर थांबू नका

ताई, तुमची मुलगी ४ वर्षांची, डाउन सिंड्रोम असलेली. जोरात रडली की उजवा हात दहा मिनिटं लुळा पडतो, मग पूर्ववत होतो. सीटी स्कॅन नॉर्मल आला, 'अशक्तपणा आहे' म्हणून टॉनिक मिळालं, आणि एमआरआयची खरंच गरज आहे का असं तुम्ही विचारताय. गरज आहे, आणि याच आठवड्यात. पुण्यात लहान मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट आहेत. अपॉइंटमेंट घेताना 'रडल्यावर एका बाजूची ताकद जाते' हेच शब्द सांगा, म्हणजे तारीख लांबची मिळणार नाही.

हे वर्णन मोयामोया नावाच्या आजाराशी जुळतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या कवटीत शिरून जिथे फाटे फुटतात, तिथे त्या हळूहळू अरुंद होत जातात. मग शरीर बारीक-बारीक वाहिन्यांची जाळी तयार करून कसाबसा पुरवठा चालू ठेवतं. मूल हुंदके देऊन रडतं तेव्हा श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूतल्या वाहिन्या आकसतात. ज्या भागाला आधीच जेमतेम रक्त मिळतंय, तो तेवढ्या वेळापुरता बंद पडतो. फुगे फुगवणं, गरम वरणभात फुंकून खाणं, गणपतीतली पिपाणी यांनीही हेच होऊ शकतं. ताप, जुलाब किंवा एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडणं हे तर त्याहून घातक.

डाउन सिंड्रोम, न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ (अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आणि नसांवर गाठी येणारा जन्मजात आजार) आणि सिकल सेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांत हा आजार इतर मुलांपेक्षा जास्त दिसतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये डोळ्याच्या नसेच्या गाठीसाठी डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर धोका आणखी वाढतो. सिकल सेलचा मार्ग वेगळा. तिथे २ ते १६ वर्षं वयात दरवर्षी डोक्याची डॉपलर तपासणी करतात, म्हणजे सोनोग्राफीसारख्या यंत्राने मेंदूच्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजतात. रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त निघाला, तर नियमित रक्त देऊन पहिला स्ट्रोक (मेंदूचा झटका) बऱ्याच अंशी टाळता येतो, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवून दिलंय. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकल सेल जास्त आढळतो, तिथल्या पालकांनी हे जरूर विचारावं.

साध्या सीटीत अरुंद झालेली धमनी दिसत नाही, म्हणून नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' नको, सोबत 'एमआर अँजिओग्राफी', म्हणजे त्याच यंत्रात रक्तवाहिन्यांचं चित्र, लिहून घ्या. नाहीतर मेंदू दिसेल, वाहिन्या राहून जातील आणि लहान मूल स्थिर राहावं म्हणून द्यायची भूल पुन्हा द्यावी लागेल. भूलतज्ज्ञांना मोयामोयाची शंका आधीच सांगा. रक्तदाब उतरू न देणं आणि श्वास जलद न चालवणं त्यांच्या हातात असतं. उपाशी ठेवण्याच्या वेळा लेखी घ्या. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, तेवढं पाजा.

अशा मुलांना फिट्स समजून ईईजीला (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीला) पाठवलं जातं. ईईजी करू द्या, पण त्यात मुलांना जोरजोरात फुंकर मारायला लावतात, ती पायरी वगळायला टेक्निशियनला स्पष्ट सांगा. मोयामोयात त्यानेच स्ट्रोक येऊ शकतो.

निदान झालं तर बहुधा अॅस्पिरिन सुरू होईल. मात्रा वजनावर ठरते, साधारण किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम. स्वतःहून देऊ नका, कारण रक्तस्राव नाही हे आधी बघावं लागतं. सुरू झाल्यावर तापाला पॅरासिटामॉल द्या, आयबुप्रोफेन नको. फ्लू किंवा कांजिण्यांची शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण त्या आजारात अॅस्पिरिनने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. फ्लूची लस दरवर्षी द्या. कांजिण्यांची लस राहिली असेल तर आधी विचारा. त्या लसीनंतर सहा आठवडे अॅस्पिरिन टाळतात, त्यामुळे क्रम डॉक्टरांनाच ठरवू द्या.

अॅस्पिरिनने धमनी उघडत नाही. खरा उपाय ऑपरेशनचा. लहान मुलांत बहुतेकदा टाळूच्या कातडीतली धमनी मेंदूच्या पृष्ठभागावर बसवतात आणि तिथून नव्या वाहिन्या फुटतात. त्याला काही महिने लागतात, तोवर पाणी, रडणं आणि ताप यांची काळजी तशीच ठेवायची. सर्जनना निःसंकोच विचारा: लहान मुलांची अशी ऑपरेशनं तुमच्याकडे वर्षाला किती होतात? आदल्या रात्रीपासून सलाइन लावणार का? डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, त्यामुळे भूल आणि ऑपरेशनसाठी मान वळवण्याआधी ते तपासलं पाहिजे. हृदयाचा इको आणि थायरॉइडचे रिपोर्ट ताजे असू द्या. ऑपरेशननंतर चष्म्याची काडी त्या बाजूला घट्ट बसून बसवलेली धमनी दाबणार नाही, हेही बघा.

आता पुन्हा हात लुळा पडला तर आडवं झोपवा, शांत करा, वेळ लिहा, शक्य झालं तर व्हिडिओ काढा. कांदा-चप्पल हुंगवू नका. तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय किंवा शुद्ध हरपतेय असं दिसलं तर तोंडातून काही देऊ नका. पहिल्या पाच मिनिटांत ताकद परतायला लागली नाही, तर थांबून बघू नका, १०८ लावा. मुलगी शेवटची ठीक कधी होती, हे हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा विचारतील. ती वेळ आणि अॅस्पिरिन चालू आहे की नाही, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.