नाव कोणत्या रकान्यात आहे ते आधी बघ

प्रिय मुली,

पुढच्या महिन्यापासून तू तालुक्याच्या मदत केंद्रात बसणार. तिथे येणारी बाई सहसा 'मला वडिलांच्या जमिनीत हिस्सा हवाय' असं म्हणत येत नाही. 'भाऊ सही मागतोय, करू का?' असं विचारत येते. म्हणून सहीपासूनच सुरुवात करते.

ती सही असते हक्कसोडपत्रावर. कागद टाइप होऊन तयार असतो आणि बहिणीला थेट दुय्यम निबंधकाकडे नेतात. तिथे फोटो, अंगठा, झालं. तू मसुदा आदल्या दिवशी मागून घे. त्यात गट नंबर आणि क्षेत्र लिहून पुढे 'व इतर सर्व स्थावर मिळकती' असे पाच शब्द घुसवलेले असतात. एका विहिरीच्या तुकड्यासाठी म्हणून केलेली सही त्या पाच शब्दांमुळे घर, गोठा, सगळ्याला लागू होते. कोणाच्या लाभात सोडतोय हेही वाच: सगळ्या भावंडांच्या की एकाच भावाच्या? नोंदणी झाल्यावर मन बदललं तर दिवाणी दावा करावा लागतो, तोही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. उलट, नुसतं नोटरी केलेलं हक्कसोडपत्र दाखवून कोणी घाबरवत असेल तर घाबरू नये. नोंदणीशिवाय त्याने जमिनीतला हक्क जात नाही.

दुसरं, जुनी माहिती. 'माझं लग्न 1994च्या आधीचं, मला हक्क नाही' हे वाक्य तू इतक्यांदा ऐकशील की तुलाही खरं वाटू लागेल. हिंदू वारसा कायद्यातल्या महाराष्ट्राच्या 22 जून 1994च्या दुरुस्तीत तशी अट होती खरी. पण 9 सप्टेंबर 2005ला केंद्राची दुरुस्ती आली, त्यात लग्नाची अट नाही. मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच वाटेकरी. त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. अडतं ते एका ठिकाणी: 20 डिसेंबर 2004पूर्वी वाटप किंवा विक्री होऊन गेली असेल तर ती उलटत नाही. मात्र वाटप म्हणजे नोंदणीकृत वाटपपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा. 'तोंडी वाटणी झाली होती' एवढ्यावर कोणी ऐकवलं तर सरकारी कागदाचा पुरावा माग. आणि वडिलांची स्वकष्टार्जित जमीन वेगळी. ती ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, तिथे खोटी आशा लावू नकोस.

हिशेब बोटांवर करून दाखव. वडिलोपार्जित 8 एकर, मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. आधी वडील धरून पाच हिस्से पाडायचे, मग वडिलांचा पाचवा हिस्सा चौघांत वाटायचा. एक पंचमांश अधिक एक विसांश म्हणजे एक चतुर्थांश. मुलीचे 2 एकर, म्हणजे 80 गुंठे. आकडा समोर आला की बाई सही करायला निघालेली थांबते.

आता सातबारा. नुसता ताजा उतारा पाहून भागत नाही, फेरफार (नावं कधी, कशी बदलली त्याच्या नोंदी) मागे मागे नेत वाच. वडील गेल्यावर थोरल्या भावाचं नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून लागलेलं सापडेल. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, एकटा मालक नव्हे, पण पुढच्या एखाद्या फेरफारात ती तीन अक्षरं गळतात आणि भाऊ मालक होतो. कुठे आईचं आणि बहिणींचं नाव भोगवटादार (जमीनधारकाच्या) सदरात न घेता 'इतर अधिकार' रकान्यात टाकलेलं असतं. बाई म्हणते, 'नाव आहे की!' आहे, पण त्या रकान्यातल्या नावाला पीक कर्ज सहसा मिळत नाही, भरपाई वाटताना ते नाव वगळलं जातं.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आठ-अ (खाते उतारा) आणि सातबारा घेऊन तलाठ्याकडे (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून तलाठीच) किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस. बहिणीची नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते आणि भाऊच घेतो, सगळं इथेच बिघडतं. म्हणून अर्जात सासरचा पत्ता आणि मोबाइल नंबर घाल. नोंद चुकीची मंजूर झाली तर प्रांताकडे अपील, मुदत 60 दिवस. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोड. आणि हे विसरू नकोस: फेरफाराने मालकी ठरत नाही. हक्कच नाकारला जात असेल तर वाटपाचा दिवाणी दावा. त्यासाठी वकील तालुका विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही.

हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांपुरतं. अनुसूचित जमातींना हा कायदा लागूच नाही. तिथे आदिवासी बाईचाही वारसाहक्क मानणारा 17 जुलै 2025चा सर्वोच्च न्यायालयाचा रामचरण निकाल हाताशी ठेव.

एक भेदभाव मात्र खुद्द कायद्यातच उरला आहे, कलम 15. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्राविना गेली तर तिने स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, आईवडिलांचा नंबर त्यानंतर. बालविधवा, परित्यक्ता, एकट्या राहणाऱ्या बायका येतील, त्यांना मृत्युपत्र करायला सांग. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार घ्यायचं नाही.